तीन मणी

म्हसरूळ मागे पडलं की उजव्या हाताला
एक बोडकी टेकडी लागते.
तिच्या माथ्यावर आमची पांढरी घुमटी,
कुणी परात उपडी ठेवून विसरून गेल्यासारखी.
खाली स्टीलचा खांब, काळ्या कातळात चार हात उतरलेला.
दिवसरात्र उपग्रहांना तिचा एकच प्रश्न:
मी कुठे आहे?

राखण दगू पेखळ्यांची.
आधीची दोन लेकरं हाती लागली नाहीत
म्हणून आईने यांचं नाव दगू ठेवलं, दगडासारखा टिकावा.
दगड टिकतो, पण जागेवर राहत नाही,
हे त्यांच्या गळी उतरवायला मला तीन फाल्गुन लागले.

"बाई, यंदा किती?"
ईशान्येला. पाच सेंटिमीटर आणि वर थोडं.
"म्हंजे केवढं?"
त्यांची सून प्रमिला पॅकहाउसमध्ये रिंग लावून द्राक्षं मापते,
अठराच्या खालचा मणी परदेशी जात नाही.
तिने पिशवीतून तीन मणी काढले,
एकापुढे एक कातळावर मांडले.
एवढं.
नाशिक, गोदावरी, सातपूरचे भोंगे, रांगेत उभे ट्रक,
सगळ्यांसकट, एका वर्षात, एवढं.

मोठ्या भूपट्टाचं सोपं असतं.
त्याच्यावर कुठेही खांब रोवा, तो खरं सांगतो.
माझं काम लहानग्यांचं,
नकाशात ज्यांचं नाव लिहायला जागा पुरत नाही
आणि बाणाने समुद्रात ओढून लिहावं लागतं.
दोन मोठे एकमेकांना घासत निघाले
की मधला गरागरा फिरतो, बेअरिंगमधल्या छऱ्यासारखा.
(वडील फिटर होते. छरा तळहातावर ठेवून म्हणायचे,
भार सगळा हाच घेतो, नाव मशीनचं होतं.)

फिरणाऱ्याची गती काढायला तीन ठिकाणं तरी हवीत.
माझ्या लहानग्याकडे दोनच: एक दीपगृह,
एक शाळेचं छप्पर, तिथल्या अँटेनावर पक्षी घरटं करतात.
बाकी सगळं पाणी.
मग बोट न्यायची, खाली आवाज सोडायचा,
तळाशी ठेवलेला पेटारा ओ देतो.
ओ यायला किती वेळ लागला, त्यावरून अंतर.
माणसांचंही बहुतेक असंच मोजतात.

आलेल्या आकड्यांतून मग एकेक वजा करत जायचं.
उन्हाने ताणलेला खांब. हवेतली वाफ.
गंगापूर धरण भरलं की भाराने जमीन बसते
मिलिमीटरभर, आणि उन्हाळ्यात पुन्हा वर येते.
धरणाला पत्ता नसतो, जमिनीला असतो.
वजा करून करून जे हटत नाही
ती गती.
तीसुद्धा कुणाच्या मानाने, हे आधी ठरवावं लागतं,
कारण काहीतरी स्थिर धरल्याशिवाय
काहीही हललं असं म्हणता येत नाही.
आणि स्थिर असं, खरं सांगायचं तर, काहीच नाही. धरायचं फक्त.

मी अकरा वर्षं एक घर धरलं होतं.
आता दारावरची पाटी नुसती हेमांगी.
बँकेत एक आडनाव, आधारवर दुसरं,
मधे मी, जरा जास्तच फिरत.

सहा कोटींहून जास्त वर्षं झाली,
हा कातळ तेव्हा नुकताच लाल होता,
आपल्या पश्चिम किनाऱ्याचा एक तुकडा हात सोडून गेला.
आता दूर समुद्रात आहे, सेशेल्स म्हणतात.
दगूभाऊंना हे सांगितलं
तर बराच वेळ त्र्यंबकच्या बाजूला बघत बसले.
"कुणी आणाया गेलं न्हाई?"
नाही, म्हटलं.
"बरं हाये का तिथं?"
बरं आहे. माडबीड आहेत.
"मग ऱ्हाऊ द्या."

त्यांनी कातळावरचे तीन मणी उचलले,
धोतराला पुसले,
एक मला दिला, एक सुनेला, एक स्वतः खाल्ला.
यंदाचं अंतर संपलं.

वहीत लिहिलं:
कुंपण ठीक. बॅटरी बारा पूर्णांक सहा.
शेळ्या आल्या नाहीत.
टेकडी जागेवर.
मग शेवटची ओळ खोडली.